सीतेची वेणी आणि खिडकीतली कुंडी

बेळगावहून गोव्याला जायच्या वाटा तीन-चार आहेत आणि त्यातली चांगली कुठली, यावर आमच्याकडे प्रत्येक घराचं एक ठाम मत असतं. कुणी खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाटाने जातं, कुणाला आंबोलीचा चहा चुकवायचा नसतो, कुणी तिलारीवरून दोडामार्ग गाठतं. माझं मत जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाचं. अंतर कमी पडतं म्हणून असेल असं घरच्यांना वाटतं. खरं कारण झाडं आहेत, आणि झाडांपेक्षाही झाडांवर बसलेली मंडळी.

जांबोटी मागे पडली की रान दाट होत जातं. कणकुंबीला माउलीचं देऊळ लागतं. मलप्रभा नदीचा उगम इथलाच. पुढे चोर्ल्याला आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर असतो आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या तिन्ही राज्यांच्या हद्दी आसपासच भिडलेल्या असतात. तिथून रस्ता वळणं घेत केरीकडे उतरतो आणि मग साखळी. दीड-दोन तासांत हवा पूर्ण बदलते. बेळगावला अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते आणि साखळीला पंख्याखालून उठवत नाही.

मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या वाटेने जाणार असाल, तर घाट सुरू होण्याआधी रस्ता रुंद असेल अशा जागी गाडी नीट बाजूला घ्या आणि मान वर करा. जांभूळ, ऐन, जुने आंबे अशा खरखरीत सालीच्या झाडांवर जिथे फांद्या फुटतात, त्या बेचक्यांत चामड्यासारख्या जाड, लांबट पानांचा झुबका दिसेल. त्यातून वीतभर लांब फुलांचा तुरा खाली लोंबत असेल. पांढऱ्या फुलांवर जांभळट गुलाबी ठिपके, आणि शेकडो फुलं इतकी दाटीने गुंफलेली की खरोखर कुणी वेणी घालून सोडली आहे असं वाटावं. ही सीतेची वेणी. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आपल्या सह्याद्रीतली ही एक देखणी आमरी, म्हणजे ऑर्किड.

हेच फूल आसामात कपौ फूल म्हणून ओळखलं जातं. तिथे बिहू नाचताना मुली ते केसांत माळतात आणि आसामचं ते राज्यफूलही आहे. दोन हजारांहून जास्त किलोमीटर अंतरावरच्या दोन समाजांना एका रानफुलात बाईचे केसच आठवले, याची मला फार गंमत वाटते.

बांडगूळ नव्हे

झाडावर झाड दिसलं की आपण पटकन म्हणतो, बांडगूळ. माणसांनाही त्या नावाने बोल लावतो. पण सीतेची वेणी बांडगूळ नाही. बांडगूळ आपली मुळं झाडाच्या आत खुपसून त्याचं पाणी आणि क्षार ओढून घेतं. आमरी झाडावर फक्त बसते. तिची मुळं सालीला घट्ट धरून असतात, आत शिरत नाहीत. झाडाकडून तिला हवी असते जागा, उंची आणि पानांतून गाळून आलेलं ऊन. बाकीचं ती स्वतःचं स्वतः बघते.

फांदीवर माती नाही, मग ही जगते कशावर? पावसाळ्याचे चार महिने धो-धो पाणी, पण तेही साचत नाही, सालीवरून निथळून जातं. सर थांबली की वारा सुटतो आणि मुळं वाळतात. पुढचे आठ महिने मिळतं ते पहाटेचं धुकं आणि दव. खत म्हणजे सालीच्या खाचांत अडकलेला पालापाचोळा आणि पावसाबरोबर वाहून आलेली धूळ. या जगण्यासाठी तिच्या मुळांवर व्हेलामेन नावाचं स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. ते मिळेल तेव्हा पाणी पटकन शोषून घेतं आणि मग सावकाश पुरवून वापरतं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. त्या हिरव्या रंगामुळे मुळंसुद्धा पानांसारखं थोडं अन्न तयार करतात.

भिजणं, निथळणं, वाळणं आणि पुन्हा भिजणं. झाडावरच्या आमरीचा सगळा दिनक्रम या चार शब्दांत मावतो. घरात ऑर्किड सांभाळायचं गुपितही हेच आहे. ते मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा चोर्ल्याच्या रानाने जास्त चांगलं समजावलं.

दुकानातली पाहुणी

हल्ली वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, दिवाळीला ऑर्किडची कुंडी भेट द्यायची पद्धत पडली आहे. कमानीसारख्या दांडीवर पांढरी किंवा जांभळी मोठी फुलं ओळीने लागलेली ती बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असते. नावाचा अर्थ पतंगासारखी दिसणारी. हिचं माहेर आग्नेय आशियातली दमट जंगलं, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, तैवानचा भाग. देश वेगळा असला तरी बिऱ्हाड सीतेच्या वेणीसारखंच, झाडाच्या फांदीवर.

अडचण अशी, की आपण तिला तुळशीच्या रांगेत बसवतो. कुंडी म्हणजे माती आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी, हे आपल्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तुळशीला ते मानवतं. आमरीच्या मुळांना मात्र हवा लागते आणि ओल्या मातीत ती कोंडून कुजतात. वर पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी घालतो. घरातली बहुतेक ऑर्किड्स तहानेने नाही, या मायेनेच जातात.

माझ्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खिडकीत सध्या चार फॅलेनॉप्सिस आणि दोन डेंड्रोबियम आहेत. मी घरून काम करते, लॅपटॉपशेजारीच ती खिडकी आहे. पहिलं फूल उमलल्यावर सासूबाईंनी विचारलं, "हे देवाला चालतं का गं?" चालतं म्हटल्यावर त्या थोडा वेळ फुलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. दोन-दोन महिने झाडावर टिकतं म्हणतेस, तर देवही इथे येऊन बघेल."

खिडकीतला घाट

आता कामाचं बोलू. फांदी आठवली की घरातले बहुतेक नियम आपोआप सुचतात.

माती नको. जाड साल, लाकडी कोळशाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे यांचं मिश्रण चांगलं. पाणी घातलं की भराभर खाली गेलं पाहिजे. दुकानातून आलेली कुंडी पुष्कळदा स्फॅग्नम मॉस नावाच्या वाळवलेल्या शेवाळाने गच्च भरलेली असते. ते फार दिवस ओल धरतं, म्हणून अशा कुंडीला पाणी देताना हात आखडता ठेवावा आणि बहर संपला की झाड सालीच्या मिश्रणात हलवावं. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, भोकांची. मुळांना उजेड मिळतो आणि त्यांचा रंग आपल्याला दिसतो.

पाणी वार बघून नाही, मूळ बघून. मुळं चंदेरी झाली, कुंडी हाताला हलकी लागली, की पाणी. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. माझी एक कुंडी भिजून निथळल्यावर ४१० ग्रॅम भरते आणि २९० च्या आसपास आली की पुन्हा पाणी मागते. बेळगावच्या उन्हाळ्यात याला चार-पाच दिवस लागतात, जुलैत दहा-बारा. नवऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मला यात आयुष्यभर सर्व्हरचे आकडे बघत बसण्याचा सूड वाटतो.

पाणी सकाळी द्यावं. कुंडी बादलीत दहा मिनिटं बुडवावी, मग पूर्ण निथळू द्यावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. फॅलेनॉप्सिसच्या मधोमध, जिथून नवं पान निघतं तिथे पाणी राहिलं तर तो गाभाच कुजतो. रानात हे झाड फांदीवर बाजूला झुकलेलं असतं, पाणी आपोआप ओघळून जातं. आपण कुंडीत त्याला ताठ उभं करतो, म्हणून ते पाणी कापसाने टिपून घ्यायचं काम आपलं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार मुळांवर बसतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

उजेड भरपूर, पण ऊन गाळलेलं. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर पातळ पडदा हवा. पानच सांगतं काय चाललं आहे ते. गडद हिरवं झालं तर उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झालं तर जास्त, कोवळ्या गवतासारखं असेल तर ठीक. खत पाण्यात विरघळणारं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पावपट, तेही झाड वाढत असतानाच. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा आणि ती कुंडी काही दिवस इतरांपासून लांब ठेवावी.

एक खास आपल्या घरांसाठीची सूचना. एप्रिल-मेमध्ये आंब्याची अढी घातलेल्या खोलीत फुललेलं ऑर्किड ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या गळतात, फुलं वेळेआधी मान टाकतात. हापूस आणि ऑर्किड, दोघांचा मान वेगवेगळ्या खोल्यांत राखावा.

आपापल्या गावचा हिशेब

पुन्हा फुलं येतच नाहीत, ही सगळ्यांची तक्रार असते. फॅलेनॉप्सिसला फुलाची दांडी काढण्यासाठी काही आठवडे थंडावा लागतो, दिवसा २५ अंशांच्या आत आणि रात्री १५ ते १८ च्या आसपास. बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर, त्यामुळे दिवाळीनंतर हे इथे फुकट मिळतं. रात्री खिडकी थोडी उघडी ठेवायची, एवढंच काम. संक्रांतीच्या सुमाराला पानाच्या खालून काहीतरी डोकावू लागतं. टोक गोल आणि चकचकीत असेल तर ते मूळ. टोक हातमोज्यासारखं चपटं, एका बाजूला खाच असलेलं असेल तर दांडी, आणि मग घरात पेढे.

आपल्या वाचकांची गावं मात्र निरनिराळ्या हवेची. गोव्यात दमटपणा हवा तेवढा, पण रात्र पुरेशी गार होत नाही. तिथे फॅलेनॉप्सिसच्या मागे लागण्यापेक्षा दुकानात सहज मिळणारी संकरित डेंड्रोबियम आणि उघड्या मुळांनी टांगायची व्हँडा लावावीत, ती उकाड्यात खुलतात. हैदराबाद, वडोदऱ्याचा उन्हाळा कोरडा. तिथे कुंड्या एकमेकींजवळ ठेवाव्यात आणि खाली खडे व पाणी भरलेलं ताट ठेवावं. कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नये. कूलर असलेल्या खोलीत झाडाला ओलावा मिळतो, पण झोत थेट अंगावर नको. इंदूर, ग्वाल्हेरची थंडी बहराला चांगली, पण जानेवारीतल्या रात्री पारा १२ अंशांखाली गेला तर फॅलेनॉप्सिसला ते सोसत नाही. काचेला टेकून ठेवलेली कुंडी रात्री आत ओढून घ्यावी.

साखळीचा आंबा

साखळीला माझी मावशी राहते. तिच्या अंगणातल्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी आहे. कुणी लावलेली नाही, आपली आपण आलेली. तिच्या सासूबाई सांगायच्या, वेणी फुलली की शाकारणीची कामं उरकून घ्यावीत, पाऊस दारात आला. घर आता पत्र्याचं झालं, शाकारणी राहिली नाही, पण मावशी अजून वेणी बघूनच पापड-कुरडयांचे डबे वर ठेवते.

दोन वर्षांपूर्वी त्या आंब्याची एक फांदी विजेच्या तारांना घासू लागली. तोडणं भाग होतं आणि वेणी नेमकी त्याच फांदीवर. मी गेले तेव्हा तोडणारी माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. मावशीने चहा दिला आणि विषय काढला.

"अगं, तू ती झाडं लावतेस ना खिडकीत? ही घेऊन जा. मुलं पुण्याला, मी इथे एकटी. उद्या मी नसले तर हिच्याकडे कोण बघणार आहे? तुझ्याकडे नीट राहील."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? इतका जुना, दहा-बारा तुरे देणारा झुबका पैसे देऊनही मिळत नाही. पण त्याची मुळं हात-दोन हात लांब जाऊन सालीत मुरली होती. ती सोलून काढायची म्हणजे बहुतेक तुटणार. शिवाय या झाडाला मोकळा वारा, पावसाचा मारा, डोक्यावर पानांची जाळी लागते. बंद खिडकीत ते कदाचित दोन वर्षं तग धरेल, पण रोज थोडं थोडं कमी होत जाईल.

"मावशी, ही माझ्याकडे नीट नाही राहायची," मी म्हटलं. "आणि हिच्याकडे बघायला कुणी लागत नाही. इतकी वर्षं कोण बघत होतं?"

ती हसली. "मी बघत होते की. पाणी नाही घातलं, पण बघत होते."

दुसऱ्या दिवशी फांदी एकदम खाली न पाडता दोराने उतरवली. वेणी धरून असलेला हातभर लांबीचा ओंडका साली-मुळांसकट कापून घेतला आणि त्याच आंब्याच्या खोडावर, खालच्या बेचक्यात, काथ्याने घट्ट बांधला. पूर्वी सकाळचं ऊन ज्या बाजूने येत होतं, तीच बाजू समोर ठेवली. जूनची सुरुवात होती, म्हणजे नवी मुळं फुटायचे दिवस. पुढच्या वर्षी एकही तुरा आला नाही. मावशीने फोनवर त्याबद्दल एक शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. या मे महिन्यात तिने फोटो पाठवला. ओंडक्यावरून दोन नवी मुळं थेट आंब्याच्या सालीवर उतरली आहेत आणि तुरे आहेत तीन. खाली मावशीचा मेसेज होता : डबे वर ठेवले.

घाटातून काय आणायचं

हे सगळं सांगायचं कारण, घाटात वेणी दिसली की "एक फांदी काढून घेऊ" हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. सोबतच्या मुलांच्या तर हमखास येतो. तेव्हा त्यांना दोन गोष्टी सांगता याव्यात.

पहिली गोष्ट बियांची. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण धुळीइतक्या बारीक. त्यांत रोपाला सुरुवातीला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. एखादं बी योग्य सालीवर पडलं आणि तिथे योग्य बुरशी भेटली, तर ती बुरशी त्याला भरवते आणि ते रुजतं. बाकीच्या सगळ्या बिया वाया. त्यानंतरही पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. म्हणजे आपण पाच मिनिटांत ओरबाडतो तो झुबका लाखांतल्या एका योगाने तिथे पोचलेला असतो. जंगलातून अशी झाडं काढणं गुन्हा आहे, आणि सबंध आमरी कुळ वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या यादीत आहे.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी. रानाला हात लावायची गरजच उरलेली नाही. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नुडसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की बुरशीशिवायही, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर काचेच्या बाटलीत ऑर्किडच्या बिया रुजतात. पुढे १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाने एका झाडाची असंख्य रोपं करण्याची वाट खुली केली. आज आपल्या बाजारातल्या फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमच्या कुंड्या अशाच प्रयोगशाळेतून येतात. रोपवाटिकेत गेलात तर रोप टिश्यू कल्चरचं आहे का, हे विचारून घ्या. सालीसकट उपटलेला, कुंडीशिवायचा रानटी झुबका कुणी स्वस्तात देऊ करत असेल, तर तो घेऊ नका.

घाटातून आणायचे ते फोटो आणि तारखा. फेब्रुवारीत गेलात तर पानं झडलेल्या कांड्यांवर पांढरी डेंड्रोबियम फुललेली दिसतील. मेअखेर ते जून सीतेची वेणी. ऑगस्टमध्ये सड्यांवर, गवतात उभ्या असलेल्या हॅबेनारियाच्या पांढऱ्या आमरी, या झाडावर नाही तर जमिनीवर उगवतात, म्हणून पाऊल जपून टाकावं. एक साधी दुर्बीण जवळ असली तर पुरे. मुलांना सांगा, जो पहिली वेणी शोधेल त्याला पुढची सीट.

साखळीला पोचायला यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर होतो. तेवढा धरूनच घरातून निघा.